अचानक दिसेनासे झाले : बिघाड पडद्यात की नसेत?

डोळा लाल नाही, चिपडे नाहीत, मार लागलेला नाही. आरशात पाहावे तर डोळा अगदी चांगला, आणि तरी त्या डोळ्याने नीट दिसत नाही. परवापर्यंत दिसत होते, आज धूसर. आरोग्याच्या कामासाठी वस्त्यांमध्ये फिरताना ही तक्रार आमच्या कानावर अधूनमधून येते. ती आमच्यापर्यंत पोचते तेव्हा दोन-तीन उपाय बहुधा होऊन गेलेले असतात. कोणी डोळ्यात मध घातलेला असतो, कोणी बाळंतिणीचे दूध. कोणी मेडिकलवरून थेंब आणलेले असतात, कोणी मीठ-मिरच्या ओवाळून नजर उतरवलेली असते. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या डोळ्यात बाहेरून काहीही ओतले तरी उपयोग नाही. कारण बिघाड समोर नाही, मागे आहे.

मागे म्हणजे कुठे, हाच आजचा विषय. जागा मुख्यतः दोन आहेत. एक डोळ्याचा आतला पडदा आणि दुसरी त्या पडद्यापासून मेंदूकडे जाणारी नस. तक्रार दोन्हीकडे एकच, "अचानक कमी दिसायला लागले". पण एका जागेच्या एका आजाराला जे औषध लागते, तेच औषध दुसऱ्या जागेच्या एका आजारात नुकसान करते. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी आपल्याला चार गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत. त्या चार गोष्टींनी तपासणीची दिशा ठरते, आणि गर्दीच्या ओपीडीत आपल्या वाट्याला येणारी पाच मिनिटे कामी लागतात.

आधी 'पडदा' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे मोतीबिंदूलाही "डोळ्यावर पडदा आला" म्हणतात आणि बुबुळावर वाढणाऱ्या मांसालाही तेच म्हणतात. तो पडदा पुढचा. आपण बोलतो आहोत तो पडदा डोळ्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीला अस्तरासारखा चिकटलेला असतो. पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात, दवाखान्यात रेटिना. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे बारा कोटी पेशी. या पडद्यावर उमटलेले चित्र उचलून मेंदूकडे नेते ती नस. तिच्यात सुमारे दहा ते बारा लाख बारीक तंतू असतात आणि प्रत्येक तंतूवर वायरवर प्लास्टिक असावे तसे एक वेष्टन असते.

आता बहुतेक गल्ल्यांच्या तोंडाशी सीसीटीव्ही लागले आहेत, त्यांचेच उदाहरण घेऊ. कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग बिघडला तर चित्र वाकडे येते, मध्ये काळा डाग येतो किंवा एक कोपरा गायब होतो. कॅमेरा ठीक आणि केबल कुजली तर चित्र फिके पडते, रंग जातात, मग बंदच होते. डोळ्यांचेही बरेचसे तसेच आहे. पडद्याच्या आजारात चित्राचा आकार बिघडतो. नसेच्या आजारात चित्राचा रंग आणि उजेड बिघडतो. हे सूत्र शंभरातल्या शंभर रुग्णांना लागू पडत नाही, पण सुरुवातीला हाताशी धरायला पुरेसे आहे.

घरच्या घरी काय पाहायचे?

पहिली गोष्ट, एक डोळा झाकणे. ही फार साधी वाटेल, पण ती कोणी करत नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याला सांभाळून घेतो. मग एखाद्या दिवशी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, माणूस तो चोळतो, आणि तेव्हा लक्षात येते की दुसऱ्याने दिसतच नाही. असा माणूस "आज अचानक गेले" असे सांगतो, प्रत्यक्षात जाऊन महिना झालेला असतो. म्हणून तळहाताने एकेक डोळा झाका. बोटांच्या फटीतून दिसते, म्हणून बोटांनी नको, आणि डोळ्यावर दाबही नको. मग भिंतीवरचे कॅलेंडर वाचा. कोणत्या डोळ्याने कमी दिसते, आणि मधले दिसत नाही की कडेचे, हे पाहून ठेवा. दोन्ही डोळ्यांनी कमी दिसत असेल तर तेही लक्षात ठेवा, त्याचा अर्थ वेगळा आहे आणि तो पुढे येईल.

दुसरी गोष्ट दुखण्याची. डोके न हलवता फक्त डोळे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवा. फिरवताना डोळ्याच्या मागे ठणक येते का? पडद्याला दुखण्याची जाणीवच नाही. पडदा फाटला, सुटला, त्यात रक्त उतरले, त्याखाली पाणी साचले तरी दुखत नाही. नसेला सूज आली की मात्र दुखते, आणि त्यातही डोळा फिरवताना दुखते. याचे कारण असे की डोळा फिरवणारे स्नायू मागे खोबणीत जिथून निघतात, तिथे ते नसेच्या वेष्टनाला लागून असतात. स्नायू ओढला की सुजलेले वेष्टन ताणले जाते. नसेच्या सुजेवर सर्वांत मोठी तपासणी अमेरिकेत झाली. 1988 पासून 457 रुग्ण तिच्यात घेतले गेले, आणि त्यांतल्या 92 टक्क्यांना दुखण्याची तक्रार होती. बऱ्याचदा आधी एक-दोन दिवस दुखते आणि मग दिसणे कमी होते.

इथे एक सूचना. डोळा लाल होऊन प्रचंड दुखत असेल, उलट्या होत असतील, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठा. तो काचबिंदूचा झटका असू शकतो आणि ते वेगळे प्रकरण आहे.

तिसरी गोष्ट रेषांची. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. पानाच्या मधोमध पेनाने एक ठिपका काढा. चष्मा असेल तर तो लावून, एक डोळा झाकून, हातभर अंतरावरून त्या ठिपक्याकडे पाहा. भोवतालच्या रेषा सरळ दिसतात का? त्या वाकत असतील, लाटेसारख्या होत असतील, चौकटी लहान-मोठ्या दिसत असतील, तर बोट पडद्याच्या मध्यभागाकडे वळते. वही नसेल तर दाराची चौकट किंवा विजेचा खांब चालेल. "दार वाकडे दिसते", "समोरच्याचे नाक तिरके दिसते" अशी वाक्ये रुग्ण आपणहून बोलतात आणि आपण ती चेष्टेवारी नेतो. नसेच्या आजारात मधला भाग धूसर होईल, करडा होईल, पण रेषा सहसा वाकत नाहीत.

चौथी गोष्ट लाल रंगाची. बाटलीचे लाल झाकण घ्या किंवा लाल मिरची घ्या. आधी चांगल्या डोळ्याने पाहा, मग बिघडलेल्या डोळ्याने, पुन्हा चांगल्याने. नसेला सूज असेल तर लाल रंग विटल्यासारखा, विटकरी किंवा करडा दिसतो. गंमत अशी की अक्षरे बऱ्यापैकी वाचता येत असूनही लाल रंग फिका होतो. पडद्याच्या आजारात अक्षरे जेवढी बिघडतात, त्या मानाने रंग बराच टिकून राहतो. "उजेडच कमी झाला, घरात कोणी दिवा मंद केलाय का" असे रुग्ण म्हणाला तर तोही नसेचाच इशारा समजा. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर, चुलीपाशी बसल्यावर किंवा उन्हातून चालून आल्यावर अंधुकपणा वाढतो आणि अंग थंड झाले की कमी होतो, असेही नसेच्या सुजेचे काही रुग्ण सांगतात.

आणि घड्याळ पाहायला विसरू नका. नसेची सूज तासांत नाही तर दिवसांत वाढते. आज थोडे, उद्या जास्त, आठवड्याभरात तळ गाठते, काहींना दोन आठवडेही लागतात. पडद्याची रक्तवाहिनी बंद झाली तर दिवा विझावा तसे क्षणात जाते. "भाकरी थापताना गेले", "बसमध्ये बसलो होतो तेव्हा गेले" असे नेमके सांगता आले तर डॉक्टर कान टवकारतात.

"नाटक करते" म्हणण्याआधी

नसेच्या सुजेबद्दल वैद्यकीय शिक्षणात एक जुने बोलणे चालत आले आहे, की रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. वर सांगितलेल्या तपासणीत सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या डोळ्यात आत पाहिल्यावर नसेचे टोक निरोगीच दिसले होते. सूज त्या टोकाच्या मागे, खोबणीत लपलेली असते. हा आजार जास्त करून वीस ते पंचेचाळीस या वयात होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना बराच जास्त होतो. आता विचार करा. बाविशीची मुलगी म्हणते दिसत नाही, डोळा चांगला दिसतो, चष्म्याच्या दुकानात नंबर निघत नाही, साध्या तपासणीत "सर्व ठीक" असे लिहून येते. मग घरात कुजबुज सुरू होते. परीक्षा नको म्हणून करते, सासरी जायचे नाही म्हणून करते, हिला कोणीतरी काहीतरी केले आहे. नर्सिंगच्या नोकरीत आम्ही अशा मुली पाहिल्या आहेत, ज्यांना डोळ्यांच्या विभागाआधी मांत्रिकाकडे नेले होते. एकीच्या केसपेपरवर तर मानसिक कारण असा शेरा आधीच पडलेला होता, आणि तिची बाहुली कोणी तपासलीच नव्हती.

बाहुली खोटे बोलत नाही. ही तपासणी टॉर्चने होते, तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. खोलीत अंधार करतात आणि रुग्णाला लांब पाहायला सांगतात. चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान होतात, कारण मेंदूला निरोप मिळतो की उजेड फार आहे. मग टॉर्च झटकन बिघडलेल्या डोळ्यावर नेतात. नस निरोगी असेल तर बाहुल्या लहानच राहतील. नसेतून निरोप पुरता जात नसेल तर मेंदूला वाटते उजेड कमी झाला, आणि टॉर्च समोर असतानाही बाहुल्या मोठ्या होतात. डॉक्टरांच्या भाषेत ही मार्कस गन बाहुली. कितीही हुशार माणसाला ठरवून आपली बाहुली अशी मोठी करता येणार नाही. एका डोळ्याची नस सुजली असेल तर हे चिन्ह मिळतेच, असे धरून चालायला हरकत नाही. दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तर मात्र तुलनाच होत नाही आणि चिन्ह मिळत नाही. पडद्याचा मोठा भाग निकामी झाला, म्हणजे पडदा बराचसा सुटला किंवा त्याची मुख्य धमनी बंद पडली, तरी बाहुली असे वागते. पण तेव्हा आत पाहिल्यावर बिघाड डॉक्टरांना स्पष्ट दिसतो. आत सगळे निरोगी आणि बाहुली मात्र चुकार, तर शोध नसेचाच घ्यायचा.

आपल्या आरोग्यसेविका आणि आशाताईंनी ही तपासणी शिकून घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. शिकायला अर्धा तास पुरतो. निदान करायला नव्हे, पण "हिला आज पाठवलेच पाहिजे" हे ठरवायला.

स्टेरॉइड कोणाला, कोणाला नाही

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येऊ.

पडद्याचा एक आजार तरुण, कमावत्या पुरुषांत दिसतो. साधारण पंचविशी ते पन्नाशी, झोप कमी, ताण जास्त. पडद्याच्या मध्यभागाखाली पाणी झिरपते आणि फोड आल्यासारखा पडदा उचलला जातो. डॉक्टर त्याला सेंट्रल सिरस म्हणतात. दुखत नाही. मधोमध करडा-तपकिरी डाग येतो, रेषा वाकतात, वस्तू लहान आणि लांब गेल्यासारख्या दिसतात. पडदा थोडा पुढे उचलला गेल्यामुळे डोळ्याचा नंबर तात्पुरता बदलतो. चष्म्याच्या दुकानात गेलात तर अधिकचा लहानसा नंबर निघतो, त्याने थोडे बरे दिसते, आणि आजार चष्म्याखाली झाकला जातो. यातले बहुतेक रुग्ण तीन-चार महिन्यांत आपोआप बरे होतात. पण या आजाराला वाढवणारी एक गोष्ट चांगली माहीत आहे. ती म्हणजे स्टेरॉइड. गोळी असो, इंजेक्शन असो, दम्याचा पंप किंवा नाकातला फवारा असो, अगदी कातडीला लावायचे मलमही काही रुग्णांत कारण ठरलेले आहे.

उलट, नसेला सूज आली की स्टेरॉइड दिले जाते. झाले! "अचानक कमी दिसते" एवढे ऐकून कोणी डोळ्यात न पाहता स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिल्या आणि आजार पडद्याचा निघाला, तर पाणी आटण्याऐवजी वाढते. आमच्या ओळखीच्या एका रिक्षाचालकाचे असेच झाले. तिशीतला तरुण. रस्त्यामधला दुभाजक वाकडा दिसू लागला, म्हणून एका खासगी दवाखान्यात गेला. तिथे नसेला सूज आहे असे सांगून गोळ्या दिल्या गेल्या. तीन आठवडे त्याने त्या मनापासून घेतल्या आणि रोज थोडे आणखी कमी दिसत गेले. शेवटी सरकारी रुग्णालयात ओसीटी नावाच्या यंत्रावर पडद्याचा आडवा छेद पाहिला, तेव्हा खाली साचलेले पाणी दिसले. गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. दुभाजक सरळ व्हायला चार महिने लागले, आणि तेवढा काळ रिक्षा दुसऱ्याने चालवली. दुखत होते का, रेषा वाकतात का, एवढे दोन प्रश्न त्याला पहिल्याच दिवशी कोणी विचारले असते तर हे टळले असते.

नसेच्या सुजेतही स्टेरॉइड कसेही देऊन चालत नाही. त्याच अमेरिकी तपासणीचे निष्कर्ष 1992 मध्ये छापून आले. ज्यांना तीन दिवस सलाईनमधून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि नंतर अकरा दिवस गोळ्या दिल्या, त्यांचे दिसणे लवकर परत आले. सहा महिन्यांनी पाहिले तर औषध न घेतलेल्यांचेही जवळपास तेवढेच सुधारलेले होते. आणि ज्यांना नेहमीच्या मात्रेच्या फक्त गोळ्या दिल्या, त्यांच्यात आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे मेडिकलवरून आणलेली स्टेरॉइडची गोळी पडद्याच्या या आजारात वाईट आणि नसेच्या सुजेतही वाईट. ज्यात ती चुकून बरी ठरेल असा पर्यायच उरत नाही.

"आपोआप बरे होते तर मग घाई कशाला?" असे कोणी म्हणेल. घाई आहे. ती तपासणी झाली त्या देशात नसेच्या सुजेमागे बहुधा मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार असतो. आपल्याकडे त्याच्या बरोबरीने दुसरे आजारही विचारात घ्यावे लागतात. शरीराची प्रतिकारशक्तीच नसेवर उलटते असे दोन आजार आहेत, डॉक्टर त्यांना एनएमओ आणि मॉग या आखूड नावांनी ओळखतात. यातल्या पहिल्यात सूज फार जोराची असते, दोन्ही डोळ्यांत येऊ शकते, आणि उपचाराला उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. थांबता न थांबणारी उचकी किंवा उलटी, पायांतली शक्ती जाणे, लघवी अडकणे, यांतले काही सोबत असेल किंवा मागच्या काही महिन्यांत होऊन गेले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोटाची तक्रार म्हणून ते वेगळ्या कागदावर पडून राहू नये. शिवाय क्षयरोग आणि गरमीसारख्या रोगजंतूंनीही नस सुजते. छातीत क्षय दडलेला असताना स्टेरॉइड दिले तर क्षय भडकतो. म्हणून सलाईन लावण्याआधी छातीचा एक्स-रे, रक्त, साखर आणि रक्तदाब पाहतात. "आधी इंजेक्शन द्या, तपासण्या नंतर" असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

सांधेदुखीसाठी बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्या, वजन वाढवण्याच्या गोळ्या, गोरे करणारी मलमे, यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. अशी एखादी वस्तू चालू असेल तर तीच पिशवीत घालून घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र दम्यासाठी किंवा इतर आजारासाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड हा लेख वाचून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड झटक्यात थांबवले तर जिवावर बेतते.

पडद्याचे तातडीचे आजार

सेंट्रल सिरस थांबून पाहता येतो, पडद्याचे सगळे आजार तसे नाहीत. डोळ्यासमोर विजा चमकणे, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे आणि मग दुकानाचे शटर ओढावे तशी एका बाजूने सावली सरकत येणे, हे पडदा सुटण्याचे लक्षण. जाड उणे नंबरचा चष्मा असलेले, डोळ्याला मार बसलेले आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले लोक यात जास्त. सावली मध्यापर्यंत पोचण्याआधी ऑपरेशन झाले तर नजर चांगली वाचते, म्हणून पुढच्या सोमवारची वाट पाहू नका.

मधुमेह असलेल्यांना कोळ्याच्या जाळ्यासारखे काळे-तांबडे धागे तरंगताना दिसले आणि मग धूसर झाले, तर डोळ्यात रक्त उतरलेले असू शकते. रक्तदाब असलेल्यांत पडद्याची शीर तुंबते, सकाळी उठल्यावर कळते, दुखत नाही. आणि पडद्याची मुख्य धमनी बंद झाली तर तो डोळ्याचा पक्षाघातच. सुमारे चार तासांत पडदा कायमचा मरू लागतो. दहा मिनिटे एका डोळ्यापुढे अंधार येऊन पुन्हा दिसू लागले तरी "गेले, झाले बरे" म्हणून सोडू नका. मेंदूच्या पक्षाघाताची ती आगाऊ सूचना असते. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात नाही, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे.

पन्नाशीपुढच्या मधुमेही, रक्तदाबाच्या रुग्णांत नसेचाही असाच एक आजार होतो. नसेच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो, सकाळी उठल्यावर अर्धे चित्र गेलेले असते, आणि दुखत नाही. ती सूज दाहाची नव्हे. दुखत नाही म्हणजे पडदाच, असे म्हणूनच म्हणता येत नाही. वय सांगा, साखर सांगा.

दोन्ही डोळ्यांनी एकदम कमी दिसत असेल तर

वस्तीच्या दृष्टीने इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. क्षयाच्या औषधांत इथॅम्ब्युटॉल नावाचे औषध असते. थोड्या रुग्णांत ते दोन्ही नसांना बाधते. दुखत नाही, आठवड्यांमागून आठवडे हळूहळू दिसणे कमी होते, आणि लाल-हिरवा गोंधळू लागतो. सिग्नलचा रंग कळत नाही, टोमॅटो पिकला की कच्चा ते कळत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका जास्त. वेळेत लक्षात आले आणि ते एक औषध थांबवले तर पुष्कळांचे दिसणे सुधारते. थांबवायचे ते क्षयकेंद्रातल्या डॉक्टरांनी, त्याच दिवशी जाऊन, त्यांना सांगून. सगळी औषधे आपल्या मनाने सोडून देऊ नका. ज्या घरात क्षयाचा उपचार चालू आहे, तिथे दर महिन्याला लाल झाकण आणि कॅलेंडर, एकेका डोळ्याने, एवढे पाहिलेत तरी पुरे.

दुसरी गोष्ट विषारी दारूची. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. दारूत मिथेनॉल असले की ते शरीरात जाऊन जे विष बनते, ते नसेवर घाला घालते. पिल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांसमोर पांढरे धुके येते, पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो. "उतरली की दिसेल" म्हणून झोपवून ठेवलेला माणूस आंधळा होऊन उठतो किंवा उठतच नाही. लाज बाजूला ठेवून, काय प्यायला ते खरे सांगून, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. त्याच्याबरोबर जे प्यायले त्यांनाही न्या, त्यांना अजून दिसत असले तरी.

रुग्णालयात जाताना

डोळ्यांचा स्वतंत्र विभाग वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयांत असतो. मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. जिल्हा रुग्णालयातही नेत्रविभाग आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड घ्या. पडद्याचे ऑपरेशन किंवा भरती होण्याची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर बसलेल्या आरोग्यमित्राला गाठून आपला उपचार योजनेत बसतो का ते आधी विचारा, पैसे भरल्यावर नव्हे. चालू असलेली सर्व औषधे पाकिटांसकट न्या.

डॉक्टरांना एका दमात सांगा : कोणता डोळा, कधीपासून, क्षणात गेले की दिवसांत, डोळा फिरवताना दुखते की नाही, रेषा वाकतात की लाल फिका दिसतो, कोणते औषध चालू आहे. घरात वहीवर लिहून नेलेत तर उत्तमच.

डोळ्याच्या आत पाहण्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. या थेंबांनंतर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही. म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, घरातले कोणी सोबत न्या, टोपी किंवा ओढणी ठेवा. पण एक लक्षात घ्या. थेंबांनी मोठी झालेली बाहुली टॉर्चने हलत नाही, आणि रंगांची तपासणीही मग नीट होत नाही. गर्दीच्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांच्याच डोळ्यात सरसकट थेंब घातले जातात. आपली तक्रार एका डोळ्याने अचानक कमी दिसण्याची असेल तर थेंब घेऊन आलेल्या सिस्टरला नम्रपणे विचारा, "ताई, माझी टॉर्चची तपासणी आणि रंगांची तपासणी आधी व्हायची आहे का?" ती डॉक्टरांना विचारून येईल. आम्ही सिस्टर होतो तेव्हा असा प्रश्न विचारणारा रुग्ण आला की आम्हीही थेंबाची बाटली खाली ठेवून डॉक्टरांना विचारायला जात असू.